यंत्रातलं ताटाळं

मराठीत आपण भांडी ‘घासतो’. डिशवॉशर मात्र काहीच घासत नाही. तो साबणाचं गरम पाणी जोरात फेकतो, बस्स. पुढच्या ताटाने मागच्याला झाकलं की मागचं खरकटंच राहणार. म्हणूनच या यंत्राच्या कुळकथेत पंपापेक्षा आतल्या ताटाळ्याचा मान मोठा.

1850 साली अमेरिकेत जोएल हाउटन यांनी पेटंट घेतलेल्या लाकडी यंत्रात हाताने चाक फिरवून भांड्यांवर पाणी उडवायचं होतं. त्यातून भांडी ओली होत. स्वच्छ होत, असं म्हणणं धाडसाचं ठरेल.

खरी अक्कल लढवली ती इलिनॉयमधल्या शेल्बीव्हिलच्या जोसेफीन कॉक्रन यांनी. घरच्या जुन्या चिनी मातीच्या भांड्यांचे धुताना टवके उडतात म्हणून त्या वैतागल्या होत्या, असं सांगतात. 1883 मध्ये नवरा वारला, मागे कर्ज राहिलं, आणि श्रीमंती छंद पोटापाण्याचा प्रश्न झाला. बाईंनी आधी कपबश्या आणि ताटल्या मोजल्या, मग प्रत्येकीच्या मापाचे तारेचे कप्पे वळले. तांब्याच्या बॉयलरमध्ये आडव्या बसवलेल्या चाकावर हे कप्पे लावले. चाक फिरे आणि खालून गरम पाण्याचा मारा होई. भांडं जागचं हलत नसे, त्यामुळे टवकेही उडत नसत. जॉर्ज बटर्स या मेकॅनिकच्या मदतीने घडलेल्या या यंत्राला 28 डिसेंबर 1886 रोजी पेटंट मिळालं. 1893 च्या शिकागो प्रदर्शनात ते गाजलं. गिऱ्हाइकं मिळाली ती मुख्यतः हॉटेलांची. घरोघरी एवढं गरम पाणी होतं कुठे?

विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकी घरांत आलेल्या अनेक यंत्रांत तळाशी पंख्यासारखं पातं असे. ते मधोमध फिरून पाणी चहूकडे उडवी. त्यामुळे ताटल्या मध्याकडे तोंड करून, पंगतीला बसवल्यासारख्या गोल लावाव्या लागत. पुढे भोकं पाडलेली फिरती नळी सर्वत्र रुळली. पाणी सुटण्याच्या धक्क्यानेच ती गरगरते. वरच्या जाळीखाली दुसरी नळी आली तेव्हा वरच्या पेल्यांनाही न्याय मिळाला.

कॉक्रनबाईंनी मापं घेतली ती स्वतःच्या ताटल्यांची. कढई त्या हिशेबात नव्हती. ती उताणी ठेवली तर आत खरकट्या पाण्याचं तळं साचतं. खालच्या जाळीत पालथी घातली, तर वरची नळी नसलेल्या यंत्रात वरच्या वाट्या पाण्याची वाट बघत बसतात.