हात-काठी मापन

हात-काठी मापन : शरीराच्या अवयवांवरून ठरविलेल्या मापांनी जमीन मोजण्याची महाराष्ट्रातील जुनी पद्धती. बोट, मूठ, वीत, हात व वाव ही तिची मूळ एकके होत. भास्कराचार्यांच्या लीलावती (११५०) या ग्रंथात २४ अंगुळांचा हात व ४ हातांचा दंड सांगितला आहे. मूठ ४ अंगुळांची धरल्यास एका हातात सहा मुठी बसतात.

वेल्हे भागातील राजगड ही शिवाजी महाराजांची पहिली राजधानी. त्यांच्या राज्यातील मोजणीची माहिती सभासद बखरीत मिळते. तीनुसार काठी पाच हात व पाच मुठींची, हात १४ तसूंचा आणि काठी सुमारे ८२ तसूंची असे. वीस काठ्या लांब व तितक्याच रुंद क्षेत्राचा बिघा आणि १२० बिघ्यांचा चावर होई. ८२ हा आकडा प्रथमदर्शनी विचित्र वाटतो; परंतु हाताच्या सहा मुठी धरल्यास काठी पाच पूर्णांक पाच षष्ठांश हातांची, म्हणजे ८१.६७ तसूंची येते व बखरीतील हिशेब जुळतो.

आधुनिक मापांत रूपांतर करताना खरी अडचण हाताच्या लांबीची आहे. हात १८ इंचांचा (४५.७२ सेंमी.) मानल्यास काठी ८ फूट ९ इंच व बिघा सु. २८ गुंठे (२८.४५ आर) भरतो. हात २० इंचांचा धरताच तोच बिघा सु. ३५ गुंठ्यांचा होतो. दोन इंचांनी जवळजवळ सात गुंठ्यांचा फरक पडतो. सारा बिघ्यावर आकारला जात असल्याने आखूड काठीने मोजल्यास त्याच शेताचे बिघे वाढत व रयतेवरील बोजाही वाढे. काठीचे माप ठरवून देण्याचे महत्त्व यातच आहे. मुंबईकडील २७ इंची गजाचा २४ वा भाग तो तसू. असे १६ तसू मिळून १८ इंचांचा हात होई. हा तसू बखरीतील हिशेबाला लावणे चुकीचे ठरते, कारण मग हात पावणेसोळा इंचांचाच उरतो.

मावळातील डोंगरउतार ही आणखी एक अडचण. ३० अंशांच्या उतारावर काठी जमिनीलगत टाकीत गेल्यास १०० काठ्यांचे आडवे अंतर सु. ८७ काठ्याच असते. नाचणी-वरीच्या वरकस जमिनीची कागदावरील क्षेत्रे तपासताना हे ध्यानात ठेवावे लागते.

इंग्रजी अंमलातील मोजणीत ३३ फुटांची, १६ आण्यांची साखळी आली, तिचा वर्ग म्हणजे गुंठा (१,०८९ चौ. फूट) व ४० गुंठ्यांचा एकर. राजगड व तोरणा हे किल्ले भोर संस्थानात होते. ते संस्थान ८ मार्च १९४८ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले. १९५६ च्या वजने व मापे अधिनियमानंतर दशमान पद्धती आली आणि सातबारा उताऱ्यावर हेक्टर-आर दिसू लागले. बोलण्यात मात्र एकर-गुंठे राहिले. विहिरीची खोली परसांत सांगतात, आणि अठरा हाती लुगडे नऊवारी म्हणून ओळखले जाते. दोन हातांचा वार हे त्याचे कारण.