पेट्रोल इंजिन : ज्वलनाची कार्यक्षमता आणि कार्बनचा हिशेब

एक लिटर पेट्रोल जळाले की सुमारे २.३ किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइड तयार होतो. वायूचे वजन इंधनाच्या तिपटीहून अधिक भरते, कारण कार्बनच्या प्रत्येक अणूला हवेतील ऑक्सिजनचे दोन अणू येऊन मिळतात. सुस्थितीतील आधुनिक इंजिनात जवळजवळ सर्व इंधन जळतेच. उरलेसुरले हायड्रोकार्बन आणि विषारी कार्बन मोनॉक्साइड यांचेही कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये शेवटी कार्बन डायऑक्साइडमध्येच रूपांतर होते. म्हणून ‘इंधन पूर्ण जाळून’ कार्बन घटवण्याचे आश्वासन देणाऱ्या गोळ्या आणि चुंबकपट्ट्या मुळातच चुकीच्या प्रश्नाचे उत्तर विकतात. कार्बन घटवायचा तर त्याच कामासाठी कमी पेट्रोल जाळले पाहिजे.

खरा तोटा उष्णतेचा आहे. ज्वलनातून मिळालेल्या ऊर्जेचा मोठा भाग धुराड्यातून आणि रेडिएटरमधून निघून जातो. मिश्रण जितके अधिक दाबले जाईल आणि जळाल्यावर जितके अधिक प्रसरण पावेल, तितके काम अधिक मिळते. मात्र दाब व तापमान वाढताच मिश्रणाचा काही भाग ज्योत पोहोचण्याआधीच आपोआप पेटतो. यालाच नॉकिंग म्हणतात. ते पिस्टन फोडूही शकते. पेट्रोल इंजिनाचा इतिहास म्हणजे बव्हंशी या नॉकिंगशी केलेली तडजोड होय.

१९२१ मध्ये जनरल मोटर्सच्या थॉमस मिजली यांना त्यावर शिसेयुक्त रसायनाचा उपाय सापडला. उपाय स्वस्त होता. त्याची किंमत मात्र लहान मुलांच्या मेंदूंनी मोजली. मोटारींसाठी असे पेट्रोल विकणारा शेवटचा देश अल्जीरिया. तेथे ही विक्री २०२१ मध्ये थांबली.

ऑक्टेन म्हणजे शक्ती नव्हे, नॉकिंगला होणारा प्रतिकार. अमेरिकेतील पंपावरचे ८७ आणि आखातातील ९१ हे साधारण एकाच प्रतीचे पेट्रोल. फरक केवळ मोजण्याच्या पद्धतीचा. गाडीच्या पुस्तिकेत महाग पेट्रोल सुचवलेले नसेल, तर ते भरून सहसा फक्त खिसा हलका होतो.

आज इंधन थेट सिलिंडरमध्ये फवारले जाते. बाष्पीभवनामुळे मिश्रण थंड होते आणि संपीडन वाढवता येते. परंतु त्यातून सूक्ष्म काजळी अधिक निघते, म्हणून युरोपातील अशा अनेक नव्या गाड्यांना काजळी अडवणारी गाळणी बसवावी लागली. इंधन कमी व हवा जास्त ठेवण्याचा मार्गही कठीणच. नायट्रोजनची ऑक्साइडे निष्प्रभ करणारा नेहमीचा कन्व्हर्टर एक भाग पेट्रोलला सुमारे १४.७ भाग हवा या प्रमाणाजवळच नीट काम करतो.

सर्वांत फलदायी ठरली ती एकोणिसाव्या शतकातील कल्पना. ब्रिटिश अभियंता जेम्स ॲटकिन्सन यांनी संपीडनापेक्षा प्रसरण अधिक ठेवणारे इंजिन बनवले होते, पण त्याची यंत्ररचना किचकट होती. १९९७ च्या टोयोटा प्रियसने केवळ आत घेणारी झडप उशिरा बंद करून तोच परिणाम साधला. घटलेल्या ताकदीची भरपाई विद्युत मोटरने केली. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, संथ वाहतुकीत जवळजवळ मिटलेल्या थ्रॉटलमधून हवा ओढण्यात जे श्रम वाया जातात, तेथे हायब्रिड गाडी इंजिनच बंद करते. २०१५ च्या प्रियसच्या इंजिनाची कमाल ऊष्मीय कार्यक्षमता ४० टक्के सांगितली गेली. हा आकडा सर्वोत्तम स्थितीतला आहे; रोजच्या प्रवासाचा नव्हे.

भारतातील २० टक्के इथेनॉलयुक्त पेट्रोलकडे याच दृष्टीने पाहावे लागते. इथेनॉलचे ऑक्टेन उच्च, पण लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी. म्हणजे मिश्रणात जवळपास सात टक्के घट. अधिक संपीडनासाठी रचलेले नवे इंजिन त्यातले काही परत मिळवू शकते. जुन्या गाडीचे संपीडन गुणोत्तर मात्र कारखान्यातच ठरलेले असते, त्यामुळे तिच्या मालकाच्या वाट्याला मुख्यतः घटलेले मायलेजच येते.