एका नियमाचा जन्म आणि अंत

कायदा कडक आहे कीं सौम्य, याहून तो सकारण आहे कीं नाहीं, हा प्रश्न अधिक मूलगामी होय. अमेरिकेंतील मोठ्या इमारती तापविणाऱ्या बॉयलरांसाठीं इंधनबचतीचे नियम करण्याचा अधिकार १९९२ च्या कायद्यानें ऊर्जाखात्यास मिळाला. मात्र नियम अधिक कडक करावयाचा तर पुरावा स्पष्ट व खात्रीलायक हवा, अशी अट होती. डिसेंबर २०१६ मध्यें नवा नियम सिद्ध झाला. परंतु सत्तांतर होऊन तो अप्रसिद्धच राहिला. कांहीं राज्यांनीं व पर्यावरण-संस्थांनीं दावा लावला. २०१९ सालीं सॅन फ्रान्सिस्कोच्या अपील न्यायालयानें तो प्रसिद्ध करण्यास खात्याला भाग पाडलें. २०२० मध्यें तो निघतांच गॅस पुरविणाऱ्यांच्या संघानें व इतरांनीं त्यास आव्हान दिलें. वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयानें २०२२ सालीं कारणें देण्यास नव्वद दिवस दिले. तीं अपुरीं ठरल्यानें जुलै २०२३ मध्यें नियमच रद्द झाला.

एकानें जन्म दिला, दुसऱ्यानें मूठमाती; तरी दोघांचा प्रश्न एकच: सत्तेनें आपलें बंधन पाळलें काय? प्रथम तिचें मौन दोषास्पद ठरलें, मागाहून तिचें अपुरें उत्तर. या न्यायाचें मोल इंधनाच्या रूपानें द्यावें लागतें, हें खरें. पण शुभ हेतूलाही कारणें देण्यापासून सुटका नाहीं.