भलामणीच्या रकान्यातला इतिहास

१८३६च्या नोव्हेंबरात टी. डी. राइस हा गोरा अमेरिकन नट लंडनमधल्या सरे थिएटरच्या रंगमंचावर उभा राहिला. जळक्या बुचाची काजळी तोंडाला फासायची, ठिगळांचे कपडे घालायचे आणि ‘जिम क्रो’ नावाच्या कृष्णवर्णीय माणसाचे सोंग आणून गायचे-नाचायचे, एवढेच त्याचे भांडवल होते. लवकरच अ‍ॅडेल्फी थिएटरनेही त्याला उचलले. १८४३मध्ये ‘व्हर्जिनिया मिन्स्ट्रेल्स’ हे चौघांचे पथक न्यूयॉर्कहून आले. फिडल, बॅन्जो, खंजिरी आणि बोटांत धरून वाजवायच्या हाडांच्या पट्ट्या हा त्यांचा सरंजाम. १८४६मध्ये ‘एथिओपियन सेरेनेडर्स’ सेंट जेम्स थिएटरात झळकले, लंडनच्या उच्चभ्रू वस्तीत, आणि त्याच वर्षी त्यांनी राणी व्हिक्टोरियापुढे खेळ केला. दहा वर्षांत एका सवंग सोंगाला राजमान्यता मिळाली. हा प्रवास आपल्याला कळतो तो मुख्यतः त्या काळच्या ब्रिटिश वर्तमानपत्रांतून. ध्वनिमुद्रण नव्हते, बहुतेक खेळांच्या संहिता कोणी जपल्या नाहीत, छापील गाण्यांवरून प्रयोगाचा अंदाज फारसा येत नाही. म्हणून संशोधक वर्तमानपत्रांकडे वळतो आणि त्यांना साक्षीदार समजतो. माझ्या मते ती साक्षीदार नव्हती, धंद्यातली भागीदार होती. काजळी फासलेला गोरा माणूस म्हणजे ‘अस्सल’ कृष्णवर्णीय जीवनाचे चित्र, ही खात्री ब्रिटिश वाचकाला या वर्तमानपत्रांनीच दिली.

त्यासाठी आधी छापखान्याचे अर्थकारण पाहावे लागते. १८१५पासून ब्रिटनमध्ये वर्तमानपत्राच्या प्रत्येक प्रतीवर चार पेनींचा मुद्रांककर होता. तो सप्टेंबर १८३६मध्ये एक पेनीवर आला, म्हणजे राइस सरे थिएटरात उतरण्याआधी जेमतेम दोन महिने. प्रत्येक जाहिरातीवर, ती लहान असो की मोठी, साडेतीन शिलिंग कर असे. १८३३मध्ये तो दीड शिलिंग झाला आणि १८५३मध्ये रद्द झाला. १८३८मध्ये ‘द इरा’ हे साप्ताहिक सुरू झाले आणि पुढे ते नाट्यव्यवसायाचे मुखपत्रच बनले. काजळी फासून केलेल्या या ‘मिन्स्ट्रेल’ खेळांची भरभराट आणि स्वस्त होत गेलेला छापील कागद ही जोडीने चाललेली गोष्ट आहे. लहान गावातल्या साप्ताहिकाला चार पाने भरायची असत, हाताखाली माणसे थोडी, त्यामुळे दुसऱ्याच्या पत्रातला मजकूर कापून आपल्या पत्रात घेण्याची रीत सर्रास होती. नाटक मंडळीचा माणूस खेळाआधी गावात येई, जाहिरात देई आणि जोडीला खेळाची वाखाणणी करणारा तयार मजकूरही देई. तो मजकूर आतल्या पानावर संपादकाच्या आवाजात छापून येई. आजचा अभ्यासक तो वाचतो आणि ‘अमक्या गावाने या खेळाचे असे स्वागत केले’ असे लिहून मोकळा होतो. प्रत्यक्षात खेळ अजून व्हायचा असतो. तीच विशेषणे, तीच वाक्ये दूरदूरच्या गावांतल्या पत्रांत पाठोपाठ सापडू लागली की ती भलामण आहे हे ओळखता येते. पण त्यासाठी एका कात्रणावर न थांबता मंडळीच्या मार्गावरची सगळी पत्रे ओळीने लावून पाहावी लागतात.

या भलामणीत सतत येणारा दावा अस्सलपणाचा होता. अमेरिकेतल्या मळ्यावर गुलाम कसा गातो, कसा नाचतो, हे तिकीट काढणाऱ्या बहुतेकांनी कधी पाहिलेले नव्हते, त्यामुळे पत्राने ‘हे हुबेहूब आहे’ म्हटले की ते हुबेहूब ठरे. अस्सलपणाचा हा खेळ राइसच्याही आधी सुरू झाला होता. १८२४मध्ये चार्ल्स मॅथ्यूज या लोकप्रिय इंग्रज नकलाकाराने ‘अ ट्रिप टू अमेरिका’ हा एकपात्री कार्यक्रम केला. न्यूयॉर्कमधल्या कृष्णवर्णीयांच्या नाट्यगृहात आपण एका कृष्णवर्णीय नटाला हॅम्लेट करताना पाहिले, प्रेक्षकांनी मध्येच एका लोकगीताची फर्माईश केली आणि नटाने नाटक सोडून ते म्हटले, असा किस्सा तो रंगवून सांगे. हा नट म्हणजे न्यूयॉर्कहून आलेला आयरा ऑल्ड्रिज, अशी समजूत पसरली. ऑल्ड्रिजच्या १८४९च्या छापील चरित्रात हा प्रसंग घडलाच नाही असे स्पष्ट म्हटले आहे. पण तोवर इंग्लंडचे प्रेक्षक त्याच्याकडे त्या गाण्याची मागणी करू लागले होते, आणि त्याने ते आपल्या कार्यक्रमात घेतलेही. गोऱ्या नकलाकाराने रचलेली गोष्ट खऱ्या कृष्णवर्णीय नटाला वठवून दाखवावी लागली. पुढच्या साऱ्या व्यवहाराचे मर्म मला यात दिसते.

ऑल्ड्रिजचे पुढचे प्रकरण याहून बोलके आहे. मार्च १८३३मध्ये एडमंड कीन हा थोर नट कोव्हेंट गार्डनमध्ये ऑथेल्लो करता करता कोसळला. १० एप्रिलला त्याच रंगमंचावर त्याच भूमिकेत ऑल्ड्रिज उभा राहिला. लंडनच्या वजनदार पत्रांनी त्याच्यावर झोड उठवली. कृष्णवर्णीय माणसाने रंगमंचावर गोऱ्या नटीच्या अंगाला हात लावावा हेच ‘अथेनियम’ या पत्राला खपले नाही. दोन प्रयोगांत सगळे आटोपले. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये ब्रिटिश साम्राज्यातली गुलामगिरी रद्द करणारा कायदा झाला, आणि मालकांना भरपाई म्हणून दोन कोटी पौंड मंजूर झाले. तीन वर्षांनी त्याच लंडनने राइसला डोक्यावर घेतले. कोणी म्हणेल, ऑल्ड्रिजचा अभिनय कमी पडला असेल, त्यात वर्णाचा संबंध कशाला? पण इंग्लंडच्या इतर शहरांतली आणि आयर्लंडमधली पत्रे त्याच नटाची वर्षानुवर्षे स्तुती करत होती, आणि पुढे युरोपभर त्याला मानसन्मान मिळाले. तेव्हा लंडनच्या रकान्यांत जे नाकारले गेले ते अभिनयाच्या कसोटीवर नाकारले गेले असे मानणे कठीण आहे. कृष्णवर्णीय माणूस शेक्सपिअर बोलू लागला तर ते अस्सल नव्हते. गोरा माणूस काजळी फासून थयथयाट करू लागला की ते अस्सल होते.

मग १८४८मध्ये गिल्बर्ट पेलच्या ‘एथिओपियन सेरेनेडर्स’ मंडळीत खरोखरचा कृष्णवर्णीय नर्तक आला तेव्हा पत्रांची पंचाईत झाली. विल्यम हेन्री लेन हे त्याचे नाव, ‘जुबा’ हे रंगमंचावरचे. बाकीचे सगळे काजळी फासलेले गोरे, आणि मध्ये हा विशीतला तरुण. चार्ल्स डिकन्सने ‘अमेरिकन नोट्स’ या १८४२च्या पुस्तकात न्यूयॉर्कच्या फाइव्ह पॉइंट्स वस्तीतल्या एका नर्तकाचे वर्णन केले होते. पुस्तकात नर्तकाला नाव नाही. जाहिरातींनी तो उतारा उचलला, डिकन्सचे ‘बॉझ’ हे टोपणनाव पुढे जोडले आणि लेन ‘बॉझचा जुबा’ झाला. वॉक्सहॉल बागेतल्या त्याच्या नाचाचे चित्र ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’ने ५ ऑगस्ट १८४८च्या अंकात छापले. आता या काळातली परीक्षणे नीट वाचली तर एक गोष्ट ध्यानात येते: सेरेनेडर्सच्या गाण्याबद्दल ठरीव शब्दांत लिहिणारे परीक्षक जुबाच्या पायांपाशी आले की अडखळतात. वेगासाठी, तालासाठी, पायांच्या आवाजासाठी त्यांच्याकडे तयार शब्द नाहीत. उपमांवर उपमा येतात, आणि शेवटी हे शब्दांत सांगता येत नाही अशी कबुली येते. मला या अडखळण्याचे मोल फार वाटते. भलामणीची भाषा सराईत असते. ती तुटते तिथे परीक्षक खरोखर प्रयोगाला बसला होता आणि त्याने काहीतरी नवे पाहिले, असे धरायला जागा आहे. पुढे १८५०च्या शेवटी हडर्सफील्डचे पत्र लिहिते की सर्वांत स्वस्त जागेवरच्या प्रेक्षकांनी जुबाला डोक्यावर घेतले. पण त्याच दमात त्याच्या कलेला रांगडेपणाचा शिक्काही मारते. सप्टेंबर १८५१मध्ये तो डब्लिनच्या एका मद्यगृहात नाचताना दिसतो. त्यानंतर रकाने त्याच्याबद्दल गप्प होतात. जवळजवळ शंभर वर्षांनी, १९४७मध्ये, मॅरियन हॅना विंटर यांच्या लेखाने त्याला पुन्हा नृत्याच्या इतिहासात आणले.

यावर साहजिक आक्षेप असा की वर्तमानपत्रे इतकी विकाऊ होती तर त्यांच्यावर इतिहास रचताच येणार नाही. मला हे पटत नाही. जाहिरात देणाऱ्याला खेळाच्या गुणांबद्दल खोटे बोलण्यात फायदा होता. पण खेळ कुठल्या दिवशी, कुठल्या सभागृहात, किती वाजता, तिकीट काय, याबद्दल खोटे बोलून त्याचे नुकसानच झाले असते. टोरोंटो विद्यापीठातल्या स्टीफन जॉन्सन यांनी १८४२ ते १८५२ या दशकातल्या ब्रिटनमधल्या मिन्स्ट्रेल खेळांच्या नोंदी एकत्र केल्या, त्यांतून मंडळ्यांचे मार्ग, फुटाफूट, नामसाधर्म्याचा फायदा घेणारे तोतये, हे सगळे दिसू लागले ते अशाच रुक्ष तपशिलांमुळे. जुबाची उतरण आपल्याला कळते तीही त्याच्या जागांवरून: आधी वॉक्सहॉलची बाग, मग मद्यगृहे. परीक्षकांनी ती उतरण म्हणून फारशी नोंदवलेली नाही. आज लाखो पाने संगणकावर शोधता येतात म्हणून काम सोपे झाले आहे, असेही नाही. पुसट छपाईतले शब्द यंत्र चुकीचे वाचते, ‘जिम क्रो’ शोधले की बाजू बदलणाऱ्या राजकारण्यांवरचे टोमणे वर येतात, आणि त्या काळचा पत्रकार हेन्री मेह्यू याने ज्यांच्या मुलाखती घेतल्या ते लंडनच्या रस्त्यावर काजळी फासून पैसे मागणारे गायक फारसे सापडतच नाहीत, कारण त्यांनी कधी जाहिरात दिली नाही.

दुसरा आक्षेप जास्त ऐकू येतो: तो काळच तसा होता, लोकांना यात काही गैर वाटत नव्हते. याचे उत्तर त्याच वर्तमानपत्रांत आहे. ऑगस्ट १८४५ ते एप्रिल १८४७ या काळात फ्रेडरिक डग्लस हा गुलामगिरीतून निसटलेला वक्ता आयर्लंड, स्कॉटलंड आणि इंग्लंडमध्ये व्याख्याने देत फिरत होता. त्याचे स्वातंत्र्य कायदेशीररीत्या विकत घेण्यासाठी इंग्लंडमधल्या स्नेह्यांनी वर्गणी काढली. त्याच्या भाषणांचे लांबलचक वृत्तांत स्थानिक पत्रांत येत होते, आणि सेरेनेडर्सच्या जाहिराती त्याच वर्षांतल्या आहेत. ज्याला खऱ्या माणसाचा आवाज ऐकायचा होता त्याला तो तिकिटाच्या पैशांत मिळत होता. अमेरिकेला परतल्यावर १८४८मध्ये डग्लसने आपल्या ‘नॉर्थ स्टार’ पत्रातून काजळी फासणाऱ्या गोऱ्या नटांचा कडक धिक्कार केला. निसर्गाने ज्यांना रंग नाकारला ते तो चोरून पैसा करतात, असा त्याच्या म्हणण्याचा रोख होता. तेव्हा कोणालाच गैर वाटत नव्हते असे म्हणणे म्हणजे ज्यांची सोंगे आणली जात होती त्यांना ‘कोणी’मध्ये न मोजणे. ब्रिटनमधल्या कृष्णवर्णीय रहिवाशांच्या हाती त्या दशकांत स्वतःचे वर्तमानपत्र नव्हते. त्यांचे मत रकान्यांत नाही याचा अर्थ त्यांना मत नव्हते असा होत नाही. हाच धंदा पुढे आपल्याकडे आला तेव्हा हा फरक उघड दिसला. डेव्ह कार्सन हा मिन्स्ट्रेल नट कलकत्त्यात बंगाली बाबूची टवाळी करी, आणि १८७३मध्ये अर्धेंदुशेखर मुस्तफी यांनी साहेबाची नक्कल करून त्याला भर रंगमंचावर उत्तर दिले. मुस्तफींकडे स्वतःचा रंगमंच आणि स्वतःचा प्रेक्षक होता, म्हणून ते उत्तर इतिहासात राहिले.

‘यात गैर काही नाही, ही निरुपद्रवी करमणूक आहे’ हा बचाव १८४६च्या रकान्यांतून पुढे कित्येक पिढ्यांच्या तोंडी बसला. १९५८मध्ये बीबीसीने ‘द ब्लॅक अँड व्हाइट मिन्स्ट्रेल शो’ सुरू केला. काळा रंग फासलेले गोरे गायक, झगमगीत कपडे, शनिवार संध्याकाळची वेळ. १९६१मध्ये त्याला माँत्रो महोत्सवाचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले. १९६७मध्ये वर्णभेदविरोधी संघटनेने तो बंद करावा असा अर्ज बीबीसीकडे दिला, तेव्हाही करमणुकीचाच बचाव पुढे आला आणि कार्यक्रम चालू राहिला. तो बंद झाला जुलै १९७८मध्ये.