मन्सूबा ते संगणक : बुद्धिबळातील डावपेचांच्या सरावाची वाटचाल

बुद्धिबळात डावपेच म्हणजे सक्तीच्या चालींची अशी छोटी साखळी, की जिच्यात प्रतिस्पर्ध्याला उत्तर निवडायला फारसा वाव राहत नाही आणि शेवटी मोहऱ्यांचा लाभ होतो किंवा मात बसते. ही साखळी ओळखण्याची नजर तयार व्हावी म्हणून निवडक स्थिती पटावर मांडून सोडवण्याची रीत हजार वर्षांहून जुनी आहे. अब्बासी खलिफांच्या दरबारात नवव्या शतकात अल्-अदली आणि दहाव्या शतकात अस्-सूली या निष्णात खेळाडूंनी अशा स्थितींचे संग्रह केले. अरबी परंपरेत अशा रचलेल्या स्थितीला ‘मन्सूबा’ म्हणत. स्पेनमध्ये लुसेनाने १४९७ साली छापलेल्या ग्रंथात दीडशे स्थिती होत्या आणि त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांच्या संस्कृत ग्रंथाचे इंग्रजी रूपांतर १८१४ साली मुंबईत प्रसिद्ध झाले, तेही मुख्यतः अभ्यासाच्या स्थितींचेच होते.

लुसेनाच्या ग्रंथातील एक कल्पना आजच्या प्रत्येक संगणकीय संग्रहात सापडते. कोपऱ्यात अडकलेल्या राजाला वजीर अगदी शेजारच्या घरात जाऊन शह देतो. त्या वजिरावर घोड्याचा जोर असल्याने राजाला तो मारता येत नाही, हत्तीने मारणे भाग पडते, आणि अशा रीतीने स्वतःच्याच मोहऱ्यांनी कोंडलेल्या राजावर घोडा मात करतो. छापील पुस्तक ही स्थिती दाखवू शकत होते, तिचे उत्तरही शेवटच्या पानांवर देऊ शकत होते. परंतु वाचकाने चुकीची चाल ठरवली तर ती का फसते, हे सांगण्याची सोय त्यात नव्हती, आणि ही उणीव भरून काढणे हेच पुढे संगणकाचे खरे काम ठरले.

१९८७ च्या सुमारास हॅम्बुर्ग येथील चेसबेस कंपनीने डावांचे संग्रह संगणकावर आणले, तरी डावपेचांच्या सरावासाठी खास घडवलेली आज्ञावली म्हणून नाव झाले ते रशियातील कन्व्हेक्टा कंपनीच्या ‘सीटी-आर्ट’चे. प्रशिक्षक मॅक्सिम ब्लोख यांच्या संग्रहावर ती आधारलेली होती. सोडवणारा चुकला की ती लगेच उत्तर न देता पाच बाय पाच घरांच्या छोट्या पटावर त्याच कल्पनेचे सोपे रूप मांडी, म्हणजे चुकीतूनच पुढचा धडा निघे. अमेरिकन हौशी खेळाडू मायकेल डी ला माझा याने २००१ च्या सुमारास याच संग्रहाची सात आवर्तने करण्याची पद्धत मांडली. तिच्या फलिताविषयी वाद झाले, तरी ओळखीची रचना क्षणात दिसण्यासाठी तीच उदाहरणे पुनःपुन्हा सोडवावी लागतात, हा विचार तिने रुजवला.

पुढचा बदल महाजालामुळे झाला. २०१० साली सुरू झालेल्या लीचेस या संकेतस्थळावरील कोडी प्रत्यक्ष खेळल्या गेलेल्या डावांतून निवडली जातात आणि स्टॉकफिश या चालींचे गणित करणाऱ्या यंत्राकडून तपासून घेतली जातात. तेथे सोडवणारा आणि कोडे या दोघांनाही गुणांकन असते: कोडे सुटले तर सोडवणाऱ्याचे गुण वाढून कोड्याचे घटतात, फसले तर उलट होते. पूर्वी सोप्याकडून कठिणाकडे जाणारा क्रम संपादकाच्या अनुभवावर ठरत असे, तो आता असंख्य खेळाडूंच्या यशापयशातून ठरू लागला.

सरावासाठी आज्ञावली निवडताना हा इतिहास उपयोगी पडतो, कारण स्थितींची निवड, त्यांचा क्रम आणि चुकीला मिळणारे उत्तर ही तीन अंगे प्रत्येक साधनात कमीअधिक प्रमाणात असतात. नवशिक्याला कल्पनांनुसार विभागलेला मर्यादित संग्रह आणि समजावून देणारे उत्तर यांची गरज अधिक असते. अनुभवी खेळाडूला मात्र विषयाचे नाव झाकलेली, प्रत्यक्ष डावांतील मिश्र कोडी हवीत. एक मर्यादा सर्वच साधनांना आहे: कोडे समोर आले की त्यात काहीतरी दडलेले आहे हे आधीच कळते, प्रत्यक्ष डावात तशी सूचना कोणीही देत नाही. म्हणून वेगाला बक्षीस देणाऱ्या साधनापेक्षा प्रतिस्पर्ध्याचे प्रत्येक उत्तर मनात तपासल्यावरच चाल करण्याची सवय लावणारे साधन श्रेष्ठ मानले पाहिजे, मग त्यातील कोड्यांची संख्या कितीही लहान असो.