दप्तर कुणाच्या घरी?

सर्व्हर संस्थेच्या ऑफिसातच ठेवावा की सगळं क्लाउडवर न्यावं, हा प्रश्न पतसंस्थांच्या बैठकांत निघतो. क्लाउड म्हणजे दुसऱ्याच्या इमारतीतली यंत्रं आपण भाड्यानं वापरायची. हिशेब आपला, जागा परक्याची. आमच्या मते हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे.

पेशवाईत गावचं दप्तर कुलकर्ण्याच्या घरी असे, परगण्याचं देशपांड्याकडे आणि राज्याचं पुण्याला, हुजूर दप्तरात. घरचं दप्तर हाताशी असे. पण वाळवी लागली, आग लागली, भाऊबंदकीत रुमाल दडवले गेले, की गाव अडलंच. मग सगळं पुण्यालाच असलेलं बरं? तसंही नाही. १८५२ च्या कायद्यानं इनाम कमिशनला अधिकार मिळाले. पेशवे दप्तर इंग्रजांच्या हाती होतंच. घरोघरच्या सनदा त्या कागदांशी ताडल्या गेल्या आणि अनेकांची इनामं खालसा झाली. कागद सुरक्षित होते, पण किल्ली दुसऱ्याकडे होती.

१९५१ मध्ये कुलकर्णी वतनं संपली, दप्तर पगारी तलाठ्याकडे राहिलं. पुढे सातबारा संगणकावर गेला. जानेवारी २०१८ मध्ये राज्यानं क्लाउड धोरण जाहीर केलं, १ मे २०१८ ला डिजिटल सहीचा सातबारा आला. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी आपल्या पलूस तालुक्यात शिरलं. ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली. पाणी ओसरल्यावर जे वाचले त्यांना पंचनामा, भरपाई, कर्ज, प्रत्येक ठिकाणी कागद लागला. नदीकाठच्या एकाच खोलीतल्या एकाच यंत्रावर हा भार टाकणं शहाणपणाचं नाही.

जमिनीच्या व्यवहारात आपण ताबा आणि मालकी यांत फरक करतो. तोच इथं करावा. क्लाउडवाल्याकडे ताबा जातो; मालकी आपलीच, हे करारात लिहून घ्यावं. करार मोडला तर डेटा वाचता येईल अशा रूपात, किती दिवसांत परत मिळेल? भाडं थकलं तर काय? नेट गेलं तर काउंटरवरच्या माणसाला पैसे मिळतील का? सर्व्हर ऑफिसात ठेवणाऱ्यांनाही विचारावं : बॅकअप गावाबाहेर आहे का, आणि तो कधी परत चढवून पाहिलाय का?

आमचं मत असं : लहान संस्थेनं रोजचं काम खुशाल क्लाउडवर करावं, पण एक पुरी नक्कल स्वतःच्या ताब्यात, पूररेषेच्या वर ठेवावी. पुण्याला हुजूर दप्तर होतं म्हणून कुलकर्ण्यानं आपले रुमाल टाकून दिले नव्हते.