पहारा चालू आहे

जुन्नर तालुक्यात बदली होऊन आलेल्या माणसाला पहिल्या आठवड्यात दोन प्रश्न विचारले जातात. 'शिवनेरी पाहिला का?' आणि 'बिबट्या पाहिला का?' मी शिवनेरी पाहिला होता (शाळेच्या सहलीत, वाटेत तीनदा उलटी करून). बिबट्या पाहिला नव्हता आणि पाहण्याची घाईही नव्हती. मॅनेजरसाहेबांनी मात्र तिसराच प्रश्न विचारला, "कॅमेऱ्याचं तेवढं तुम्ही पाहाल का?"

मराठीत 'पाहणे' हे मोठं फसवं क्रियापद आहे. 'पाहू' म्हणणारा करीत नाही, 'पाहतो' म्हणणारा विसरतो आणि 'पाहून घेईन' म्हणणारा पुन्हा तोंड दाखवीत नाही. मी 'पाहतो' म्हणालो.

ही गोष्ट २००९ सालची. आदल्या वर्षी २६ नोव्हेंबरला मुंबईवर हल्ला झाला होता. सी.एस.टी. स्थानकावरच्या कॅमेऱ्यांनी टिपलेली दृश्यं सगळ्या देशाने पाहिली आणि जिकडेतिकडे कॅमेरे बसवायची लाट आली. ती लाट आमच्या शाखेत पोचली ती एका किडकिडीत तरुणाच्या मोटारसायकलवरून. त्याने चार कॅमेरे, काळ्या वायरचं भेंडोळं आणि एक साधा कम्प्युटर आणला होता. कम्प्युटरचं झाकण काढून त्याने आत एक कार्ड खुपसलं, कार्डाच्या पाठीवरच्या चार गोल तोंडांना चार कॅमेऱ्यांच्या वायरी जोडल्या आणि मला शिकवायला बसला. कॅमेरा सेकंदाला पंचवीस चित्रं पाठवतो, कार्ड त्यांचे आकडे करतं, ते आकडे हार्ड डिस्कमध्ये साठतात. डिस्क भरली की सगळ्यांत जुनं पुसायचं आणि त्या जागी नवं लिहायचं.

"म्हणजे फर्स्ट इन, फर्स्ट आऊट!" मी ओरडलो. बी.कॉम.ला मालाच्या साठ्याची किंमत काढण्याची ही पद्धत मी पाठ केली होती. ती जन्मात प्रथमच कुठेतरी उपयोगी पडत होती. पोरगा म्हणाला, "तसंच समजा काका." मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा होतो.

जागा वाचावी म्हणून त्याने आणखी एक सोय केली होती. चित्रात काही हललं तरच साठवायचं, नाहीतर गप्प बसायचं. ही सोय मला फार आवडली. सरकारी आणि निमसरकारी नोकरीचं सारं तत्त्वज्ञान तीत होतं.

मग एक रजिस्टर उघडण्यात आलं. रोज सकाळी पडद्यावरचे चार चौकोन पाहायचे आणि लिहायचं, 'कॅमेरा चालू आहे.' खाली सही. दोन महिन्यांत ती सही माझ्या हाताला अशी बसली, की झोपेतही झाली असती. बहुधा झोपेतच होत असावी.

आता पहारा ही काही जुन्नरला नवी गोष्ट नाही. बँकेच्या माणसाने जुन्नरला आल्यावर नाणेघाटाला नमस्कार करून यावं. सातवाहनांच्या काळात कोकणातल्या बंदरांवरून वर येणारा माल या घाटाने यायचा. घाटमाथ्यावर अजून एक दगडी रांजण उभा आहे. त्यात जकातीची नाणी टाकीत, असं पिढ्यान्पिढ्या सांगतात. ही आमच्या धंद्याची पहिली कॅश-पेटी. तिला काउंटर नाही, जाळी नाही, कॅमेरा तर नाहीच. तरी ती भरत असेल तर समोर बसलेल्या कुणा अंमलदाराच्या नजरेमुळेच. जवळच्या लेण्यात नागनिका राणीचा शिलालेख आहे. यज्ञ किती केले, गाई किती दिल्या, घोडे, हत्ती आणि कार्षापणं किती, सगळे आकडे दगडात कोरलेले. ऑडिटरने पाहावं आणि डोळे निववावेत.

त्याच लेण्याच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. त्या आज नाहीत, पावलांच्या खुणा तेवढ्या राहिल्यात. वर कोरलेली नावं मात्र शाबूत आहेत. म्हणजे नावं आहेत, चेहरे नाहीत. आमच्या कॅमेऱ्याचं नेमकं उलटं. चेहरे शेकड्याने, नाव एकाचंही नाही. दरवाजावरच्या कॅमेऱ्यात तर चेहरेही नसत. सकाळचं ऊन समोरून येई आणि आत येणारं प्रत्येक गिऱ्हाईक तेजोवलयात बुडालेल्या संतासारखं दिसे. त्यात आमचे थकबाकीदारही आले.

आणि पहारा कसा फसतो, याचा दाखलाही जुन्नरनेच देऊन ठेवला आहे. साल १६५७, एप्रिलची अखेर. जुन्नर मोगलांचं, भोवती तट, तटावर पहारेकरी. एका रात्री शिवाजी महाराजांची माणसं दोरांच्या शिड्या लावून गुपचूप तट चढली. पहाऱ्यावरची माणसं कापली आणि तीन लाख होन, दोनशे घोडे, शिवाय दागिने आणि उंची कापडचोपड घेऊन गेली. औरंगजेब तेव्हा दख्खनचा सुभेदार. विजापूरच्या मुलखावर मोहीम चालू असताना त्याला ही बातमी कळली आणि त्याने अंमलदारांची चांगलीच हजेरी घेतली. हेड ऑफिस दूर, चोरी शाखेत आणि मेमो खालच्या माणसांना. साडेतीनशे वर्षांत पद्धत बदललेली नाही. माझी खात्री आहे, त्या संध्याकाळीही कुणीतरी 'पहारा चालू आहे' असं लिहून खाली शिक्का उठवला असणार.

कॅमेऱ्याचा इतिहास त्या मानाने अगदी परवाचा. १९४२ साली जर्मनीत पेनेम्युंडे इथे रॉकेटं उडवीत. जवळ थांबलं तर माणूसही उडायचा, म्हणून वॉल्टर ब्रुख या इंजिनियरने तिथे कॅमेरे बसवले आणि माणसं दूर सुरक्षित बसून पडद्यावर पाहू लागली. दिसत होतं, पण साठत नव्हतं. पापणी लवली की गेलं. साहजिकच माणूस डोळ्यांत तेल घालून पाही. मग १९५६ साली अमेरिकेत अँपेक्स कंपनीने चित्र फितीवर साठवायचं यंत्र विकायला काढलं. तिथपासून माणूस निर्धास्त झाला. साठतंय ना? मग नंतर पाहू!

कम्प्युटरने पहारा करायची युक्ती मात्र कुणा पोलिसाला सुचलेली नाही. ती सुचली आळशी माणसांना. १९९१ साली इंग्लंडात केंब्रिजला संगणकशास्त्राच्या प्रयोगशाळेत कॉफीचं एकच भांडं होतं. वरच्या मजल्यावरून जिने उतरून यावं आणि भांडं रिकामं निघावं, याला कंटाळून त्या विद्वानांनी भांड्यासमोर कॅमेरा लावला. तो एका कम्प्युटरला जोडला आणि भांड्याचं चित्र सगळ्यांच्या पडद्यावर दिसेल असं केलं. चित्र करड्या रंगाचं, तिकिटाएवढं, मिनिटाला तीनदा बदलणारं. १९९३ पासून ते साऱ्या जगाला दिसू लागलं आणि दूरदूरची माणसं परक्या देशातली कॉफी संपली की नाही ते पाहू लागली. २२ ऑगस्ट २००१ रोजी तो कॅमेरा बंद केला आणि बिघडलेलं ते यंत्र लिलावात ३,३५० पौंडांना गेलं. पण एक लक्षात घ्या. त्या कॅमेऱ्याकडे माणसं खरोखर बघत होती, कारण त्यांना कॉफी हवी होती. आमच्या शाखेच्या कॅमेऱ्याकडून कुणाला काहीच नको होतं. फक्त सही हवी होती.

आणि मग तो दिवस उजाडला.

आपटाळ्याच्या बाजूच्या एक आजी नातीच्या लग्नासाठी चाळीस हजार काढायला आल्या. पैसे कापडी पिशवीत घातले, पिशवी व्हरांड्यातल्या बाकावर ठेवली आणि चष्मा शोधायला कनवटीला हात घातला. मान वर केली तर पिशवी नाही. होती ती दुसरी, तीत बाजरीचं पीठ. आजींनी जो हंबरडा फोडला, तो शिवनेरीपर्यंत गेला असेल. आमचा रोजंदारीवरचा शिपाई, विशीतला पोरगा, थोड्या वेळापूर्वी त्यांना पाणी देऊन गेला होता. कुणीतरी म्हणालं, "तो होता की तिथं!" झालं. गर्दीला तेवढं पुरतं. पोराचा चेहरा पांढराफटक पडला. त्याला धड बोलताही येईना, आणि न बोलणारा माणूस चोर असतो हे आपल्याकडे पिनल कोडाच्या आधीपासून ठरलेलं आहे.

साहेब शांतपणे म्हणाले, "भांडू नका. चौथा कॅमेरा बाकावरच आहे. आत्ता दाखवतो." आणि माझ्याकडे वळले, "लावा हो."

मी लावलं. पडद्यावर कोळी दिसला.

साधासुधा कोळी नव्हे, पडदाभर आठ पाय पसरलेला कोळी. मी मागे गेलो, कोळी. आणखी मागे गेलो, कोळी जाळं विणतोय. अंधारात दिसावं म्हणून कॅमेऱ्याभोवती बारके दिवे असतात, त्यांना किडे येतात आणि किड्यांना कोळी. काही हललं की साठवायचं, हा हुकूम कम्प्युटरने इमानाने पाळला होता. कोळी रात्रभर हलत होता आणि कम्प्युटर रात्रभर लिहीत होता. डिस्क भरली. जुनं पुसण्यासाठी एका चौकोनात एक खूण करावी लागते, ती करायची राहून गेली होती. तेव्हा कम्प्युटर लिहायचा थांबला, नऊ दिवसांपूर्वी. चित्र जिवंत, नोंद मेलेली. पडद्याच्या कोपऱ्यात लाल अक्षरांत 'डिस्क फुल' असं नऊ दिवस येत होतं. पण 'हाऊसफुल्ल'ची पाटी पाहून आनंद मानायची सवय असलेल्या माणसाला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

रजिस्टरात मात्र नऊच्या नऊ दिवस लिहिलेलं होतं, 'कॅमेरा चालू आहे.' खाली माझी सही.

साहेब काही बोलले नाहीत. पोरगा माझ्याकडे पाहत होता. त्याला रजिस्टर ठाऊक होतं, रोज तोच ते माझ्या टेबलावर आणून ठेवीत असे. त्याच्या निर्दोषपणाचा एकच साक्षीदार होता आणि तो मी झोपवला होता. आयुष्यात मी पुष्कळ ठिकाणी सह्या केल्या, पण त्या नऊ सह्यांइतकी लाज मला दुसऱ्या कशाची वाटलेली नाही.

पोलिसांना फोन करायचं ठरत होतं, तेवढ्यात समोरचा चहावाला फडक्याला हात पुसत आला. "काय झालं आजे? आरं, तुमच्या शेजारची बाई न्हवती का, हिरव्या लुगड्याची? तिचीबी पिशवी अशीच, त्याच कापडदुकानाची. ती आत्ताच्या यष्टीनं गेली ना. घाईत उचलली बघा तिनं. पोरगं तर पानी देऊन माझ्याकडंच गिलास ठिवाया आलतं."

मग पुढच्या थांब्यावर फोन गेला. हिरवं लुगडं एस.टी.तून उतरवण्यात आलं. पिशवीत चाळीस हजार सापडले ते पाहून ती बाईच बेशुद्ध पडायची वेळ आली. संध्याकाळपर्यंत पीठ पिठाच्या आणि पैसे पैशाच्या मालकिणीला मिळाले. आजींनी जाताना पोराच्या गालावरून हात फिरवला आणि मला म्हणाल्या, "त्या डब्यात काय बघत व्हता रं बाबा? ह्याच्या तोंडाकडं बघायचं."

नंतर बरीच वर्षं गेली. पाचशे-हजारच्या नोटा बंद झाल्या तेव्हा रिझर्व्ह बँकेने ८ नोव्हेंबर ते ३० डिसेंबर २०१६ या काळातलं शाखांमधलं सारं चित्रण जपून ठेवायला सांगितलं. आमच्या दाराबाहेरच्या त्या रांगा, त्यातली भाकरीची फडकी आणि लहान मुलं, सगळं कुठेतरी जपलेलं असेल. २०२२ पासून लॉकरच्या खोलीत जाणायेणाऱ्यांचं चित्रण किमान १८० दिवस ठेवावं लागतं. कार्डवाला कम्प्युटर भंगारात गेला, त्याजागी सीलबंद डबा आला. डबे सुधारत गेले. सह्या आहेत तिथेच आहेत.

कॅमेऱ्याचा खरा उपयोग या भागात कुणी केला असेल तर तो बिबट्याचा माग काढणाऱ्यांनी. शेजारच्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाटावाटांवर कॅमेरे लावले. अंगावरच्या ठिपक्यांवरून एकेक बिबट्या ओळखला आणि भरवस्तीच्या शेतीत तो कायमचा राहतो आहे हे दाखवलं. तो अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. उसाला पाणी द्यायला रात्री जाणाऱ्या माणसाला हे ऐकून आनंद होत नाही. इथे पोरंबाळं गेली आहेत. पण बिबट्या आपल्याला रोज पाहत होता, आपण त्याला पाहत नव्हतो, हे तरी कळलं. ती चित्रं कुणीतरी एकेक करून, डोळे फोडून पाहिली म्हणून कळलं. नुसती साठवून कळलं नसतं.

त्या दिवसानंतर मी एक नियम केला. रोज सकाळी सही करण्याआधी कालचं चित्रण मागे जाऊन पाच मिनिटं पाहायचं. पहिल्याच आठवड्यात पहाटे साडेतीनला शाखेच्या शटरसमोरून एक बिबट्या चालत गेलेला दिसला. दारापाशी थांबला, पाटी वाचल्यासारखं केलं आणि निघून गेला. आमच्या व्याजाचा दर त्याला पटला नसावा.

आणि तो शिपाई पोरगा? तो पुढे कायम झाला. शाखेत होता तोवर रोज सकाळी स्टुलावर चढून चारही कॅमेऱ्यांच्या काचा पुसायचा, कोळ्याला नीट कागदावर घेऊन बाहेर सोडायचा आणि मग रजिस्टर माझ्यापुढे ठेवून म्हणायचा, "साहेब, पाहिलं का?"

मी म्हणायचो, "पाहतो."

"नाही साहेब," तो म्हणायचा, "आधी पाहा. मग सही."